अर्धा सांगितलेला उपास

आमच्या घरातून कोणी कधी उपाशी गेलं नाही. हे आधीच लिहून टाकतो. कारण गेली कित्येक वर्षं जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत याच्या बरोबर उलटं सांगितलं गेलं, आणि ते सांगितलं जात असताना मी पहिल्या रांगेत कोट घालून, मान खाली घालून बसलेला असायचो. लोकांना तो विनय वाटायचा. मुळात मी कमी बोलणारा. बायको म्हणते, तुमच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे नारळ सोलण्याइतकं काम. पण कमी बोलणाऱ्या माणसाची एक सोय असते. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ समोरचा आपल्या मनाने लावतो, आणि बहुतेक वेळा चांगलाच लावतो. या सोयीवर मी फार मोठा झालो.

माझी नोकरी सांगायला सोपी आहे. जिथे पीक बुडालं, लढाई पेटली, पूर आला, तिथे धान्य पोचवायचं. सुरुवात महसूल खात्यात झाली. मग अकोल्याला पुरवठा अधिकारी, मग दिल्ली, तिथून जगभर धान्य वाटणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत, आणि होता होता त्याच संस्थेच्या सगळ्यांत वरच्या खुर्चीत. कार्यकाळ गेल्या वर्षी संपला. पंचावन्नी उलटलेला, रक्तातली साखर वाढलेला, रिकामा माणूस म्हणून मी वऱ्हाडात परत आलो. आई अकोल्याला ताईकडे असते, म्हणून मीही अकोल्यालाच उतरलो.

पण गोष्ट सुरू होते अमरावतीत. बाबा तिथे वकील होते. पक्षकार बहुतेक वरुडकडचे, शेंदूरजनाघाटचे, संत्र्यांच्या बागांवरून आणि विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांत जुंपलेले. तारखेच्या दिवशी ही मंडळी सकाळच्या एसटीनं यायची ती थेट आमच्या ओसरीवर. बाबा आत कागद वाचत असायचे. आई बाहेर येऊन विचारायची, "जेवून निघाले का जी?" कोणी हो म्हटलं तरी तिचा विश्वास बसत नसे.

"इतक्या सकाळी कोन जेवते? बसा. आधी जेवा, मंग भांडा."

एकदा बाबा कचेरीच्या खोलीतून बाहेर आले तर ओसरीवर पंगत बसलेली. एका टोकाला त्यांचा पक्षकार आणि दुसऱ्या टोकाला त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे विरुद्ध बाजूचा माणूस. तो पत्ता विचारायला आला होता, दुसऱ्या वकिलाच्या घराचा. आईनं त्याला पत्ता सांगायच्या आधी ताट दिलं होतं. दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता वरण-भात कालवत होते, आणि आई मधून पोळ्या वाढत होती. बाबांनी तिला आत बोलावून हळूच सांगितलं, अगं, तो प्रतिवादी आहे. आई म्हणाली, "असन. भूक त्यालेबी लागते ना." खटला पुढे बरीच वर्षं चालला. दोघंही प्रत्येक तारखेला आमच्याकडे जेवले. वेगवेगळ्या वेळी, एवढी मात्र काळजी बाबांनी घेतली.

असं ते घर. आणि त्या घरात आईचे उपास. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी शाळेत जाण्याआधी आम्हाला ती वरण-भात-भाजी वाढायची आणि समोर पाटावर बसून राहायची, एक घास न घेता. मग आम्ही गेलो की तिचं स्वतःचं ताट. साबुदाण्याची उसळ, भगर, शेंगदाण्याची आमटी, दह्यातली काकडी, आणि वरून ओळखीच्या बागेतली संत्री. शाळेतून आल्यावर त्या उसळीच्या खरवडीसाठी ताईची आणि माझी झटापट व्हायची. खरं सांगायचं तर आठवड्यातल्या त्या दोन दिवशी घरात सगळ्यांत चांगलं आईच खायची.

आता मुलाखतीकडे येतो.

ती मुलाखत परदेशात झाली. संस्थेतल्या माझ्या पहिल्या जागेसाठी आम्ही काही जण निवडून बोलावले गेलो होतो. समितीत तिघं. त्यातल्या दोघांनी मला गोदामं, बंदरं, ट्रकचे ताफे असं सगळं विचारलं आणि मी बरी उत्तरं दिली. अकोल्याच्या धान्यबाजारात पोत्यात नळी खुपसून दाणे हातावर घेऊन माल कसा ओळखायचा, तिथपासून सगळं मला येत होतं. तिसरी एक बाई होती. आखूड पांढरे केस, चष्मा दोरीला बांधलेला. तिला मी इथे नुसतं बाई म्हणतो. तिने इतका वेळ एकही प्रश्न विचारला नव्हता. शेवटी तिने विचारलं, "तुमचा आणि भुकेचा संबंध काय?"

मी वकिलाचा मुलगा. माझा आणि भुकेचा संबंध एवढाच, की साडेदहाला लागायची आणि अकरापर्यंत भागायची. पण माझ्याआधी आत गेलेले लोक दुष्काळ आणि लढाया भोगलेल्या कुठकुठल्या देशांतले होते हे मला ठाऊक होतं. मी थोडा थांबलो आणि म्हणालो, "आमच्या घरी आठवड्यातून दोन दिवस आई आमच्याबरोबर जेवत नसे. आम्हाला वाढून समोर बसायची. स्वतः एक घासही घ्यायची नाही. मी लहान होतो, पण ते लक्षात राहिलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

शब्दन् शब्द खरा होता. आता पुढची दोन वाक्यं यायला हवी होती. एक, की तो देवाचा उपास असायचा. दोन, की आम्ही गेल्यावर ती पोटभर खायची. ती वाक्यं माझ्या तोंडात तयार होती, आजही आहेत. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि समितीतल्या दुसऱ्या माणसाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती. अशा वेळी साबुदाण्याचा विषय काढणं मला जमलं नाही. मी गप्प बसलो. गप्प बसणं माझ्या अंगवळणी पडलेलं होतं.

जागा मला मिळाली.

पुढे त्या गोष्टीने माझ्याहून लवकर बढत्या घेतल्या. कुठेही भाषणाला उभा राहण्याआधी माझी ओळख करून दिली जायची आणि ओळखीत आई यायची. दोन दिवसांचे चार दिवस झाले. चूल आली. चुलीवर रिकामं पातेलं आलं. एका देशात तर आई त्या पातेल्यात दगड उकळायची असं सांगितलं गेलं, मुलांना वाटावं काहीतरी शिजतंय म्हणून. आमच्याकडे गॅस होता. दोन सिलिंडरचा. पण भरलेल्या सभागृहात उठून, क्षमा करा, आमच्याकडे दोन सिलिंडर होते, असं कोण म्हणणार? मी स्वतः त्या गोष्टीत एक शब्दही घातला नाही. काढलाही नाही.

त्या गोष्टीने काम केलं हेही नाकारता येत नाही. जे मंत्री आमच्या आकडेवारीवर डुलक्या काढायचे ते आईच्या रिकाम्या ताटावर जागे व्हायचे. त्या ताटामुळे धान्याची जहाजं निघाली आहेत. मी ती बंदरावर उतरताना पाहिली आहेत. झोप येत नसली की मी हा हिशेब मांडायचो, आणि तो बहुतेक वेळा माझ्या बाजूने सुटायचा.

एकदा सुटला नाही. एका छावणीत वाटप चालू होतं आणि मी तपासणीला गेलो होतो. रांगेत एक म्हातारी होती, हाडं मोजावीत अशी. तिथल्या आमच्या माणसांनी, साहेबांची ओळख म्हणून, सगळ्या रांगेला माझ्या आईची गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. म्हातारीने धान्य घेतलं, माझ्याकडे आली आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "विचारतेय, तुमच्या आईला आता जेवायला मिळतं ना?" मी हो म्हटलं. तिचा विश्वास बसला नसावा. तिने आपल्या पिशवीतलं मूठभर धान्य काढून माझ्या हातावर ठेवलं. आईसाठी. मी नको नको म्हणत होतो आणि दुभाष्या सांगत होता, नाही म्हणू नका साहेब, अपमान होतो. मी ती मूठ घेऊन गोदामाच्या मागे गेलो आणि एका उघड्या पोत्यात ओतली, इकडे तिकडे बघत. इतकी वर्षं धान्य चोरणाऱ्यांना पकडण्यात गेली. त्या दिवशी कळलं, चोराला आजूबाजूला किती बघावं लागतं.

बाई मात्र गोष्ट विसरल्या नव्हत्या. त्या माझ्या वरिष्ठ झाल्या, मग मार्गदर्शक, मग निवृत्त झाल्या. आणि दरवर्षी नाताळात त्या माझ्या आईला बिस्किटांचा एक मोठा, रंगीत, पत्र्याचा डबा पाठवायच्या. आधी अमरावतीच्या पत्त्यावर, बाबा गेल्यावर अकोल्याच्या. आई डबा उघडायची, वास घ्यायची, "अंडं हाय" म्हणायची आणि बिस्किटं गल्लीतल्या पोरांना वाटून टाकायची. डबे धुऊन त्यात डाळी भरायची. ताईच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर परदेशातले बर्फाळ डोंगर आणि घोडागाड्या अजून ओळीने उभ्या आहेत. आत तूरडाळ, मूगडाळ, मसूर.

"ही बाई मले खायलेच कावून पाठवते रे?" आई फोनवर विचारायची. "साडी-गिडी नाई, देवाचा फोटो नाई. दरसाली खायलेच."

"त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे," मी सांगायचो.

हे मात्र सरळ खोटं होतं.

तर आता अकोला. गेल्या महिन्यात इथल्या मंडळींनी माझा नागरी सत्कार ठरवला. समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे सरच म्हणतात. अतिशय उत्साही माणूस. माझ्याबद्दल इंटरनेटवर जे जे सापडलं ते सगळं वाचून ते घरी आले.

"साहेब, सत्कार तुमचा, पण खरा सत्कार माउलीचा," बसता बसता ते म्हणाले. आई आत मेथी निवडत होती. सरांनी मोबाइल काढून मला फ्लेक्सचं चित्र दाखवलं. मधोमध एक हडकुळी बाई, पुढ्यात रिकामं ताट, कोपऱ्यात कोटातला मी. वर मोठ्या अक्षरांत: स्वतः उपाशी राहून जगाचा पोशिंदा घडवणारी माउली.

"सर, हे नको."

"कावून साहेब? अक्षर लहान झालं का?"

"तसं नाही. आईला आवडणार नाही."

"माउल्यायले आवडतच नसते जी. त्याच्यातच त्यायचा मोठेपणा हाय."

एवढ्यात आतून आईचा आवाज आला. "कोन आलं रे? चहाच ठेवू का पोहेबी करू?"

सर गहिवरले. "पाहा! या वयातबी दुसऱ्याच्याच पोटाची काळजी." मग ते दोन बशा पोहे खाऊन, रविवारी आईला गाडी पाठवतो असं सांगून गेले. फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी छपाईला जाणार होता. आई कोणती साडी नेसायची याचा विचार करत होती. आणि मी विचार करत होतो की रविवारी व्यासपीठावर, माइकवर, शे-दोनशे लोकांसमोर ही बाई पहिल्यांदा ऐकणार, की आपण उपाशी होतो.

आधी ताईला सांगितलं. ताई माझ्याहून मोठी, जन्मभर शाळेत शिकवलेली, तिला कशाचं फारसं आश्चर्य वाटत नाही. ती ऐकता ऐकता हसायला लागली ती थांबेचना.

"त्या उसळीपायी तू माझा हात चावला होतास रे! आणि ते लोक रडले?"

"रडले."

"कुठकुठले?"

मी देश सांगितले. ती पदराने डोळे पुसत पुन्हा हसली. मग एकदम थांबली. "आणि बाबा कुठे आहेत या गोष्टीत?"

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"कोणी विचारलंच नाही कधी."

ताईचं हसू गेलं. "आजच सांग तिला. आणि मी तिथे बसणार नाही."

तो गुरुवार होता. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलेत, पण आईच्या मते डॉक्टरला दत्तमहाराजांपेक्षा जास्त कळत नाही. ती दुपारी उसळीची बशी घेऊन बसली होती. आमच्या घरात जेवणाऱ्या माणसाला वाईट बातमी सांगायची नसते, म्हणून मी तिचं संपायची वाट बघत समोर बसलो. तिला दात कमी. एकेक साबुदाणा ती स्वतंत्रपणे चावत होती असं मला वाटलं. शेवटी तिने बशी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बोल. मघापासून तोंड एवढंसं करून बसून राहिला."

मी सांगितलं. मुलाखत, चूल, दगड, म्हातारीची मूठ, सगळं. आयुष्यात एका दमात इतकं मी पहिल्यांदाच बोललो असेन.

आधी तिला कळलंच नाही. "मी? उपाशी?" तिने स्वतःच्या गुबगुबीत मनगटांकडे पाहिलं. मग तिची नजर स्वयंपाकघरातल्या फळीकडे गेली. "म्हून ते डबे."

"हो."

"अन् मी ते घेत राह्यली."

"तुला माहीत नव्हतं आई."

मला वाटलं, आता दगड उकळल्याबद्दल बोलेल. ती म्हणाली, "मले काय म्हनायचं ते म्हनू दे लोकायले. मी इथं धडधाकट बसली हाय. जो येईन तो पायीन. पण वकील साहेब गेले. ते कोनाले सांगायले येतीन?"

"बाबांबद्दल कोणी काही म्हटलं नाही, आई."

"म्हनत नाईत. समजतेत. बाईच्या पोटात अन्न नाई म्हटलं की लोक पयले नवऱ्याकडे पायतेत. दारू पीत असन, पळून गेला असन. तू वकिलाचा पोरगा, तुले एवढं समजू नये?"

मला समजत होतं. नेमकं तेच तर समजत होतं, म्हणून इतकी वर्षं मी बाबांच्या फोटोसमोर फार वेळ उभा राहिलो नाही.

रात्री तिने मला वाढलं, पण बोलली नाही. माझी भाकरी संपली तरी दुसरी घे म्हणाली नाही. ताट रिकामं झालं, मी हात धुतले, तिने थांबवलं नाही. आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नाही. त्या रात्री मी अर्धपोटी झोपलो. मागून दोन केळी खाल्ली, ते सोडून द्या.

सकाळी तिने हुकूम सोडला. "लाव फोन."

"कोणाला? सरांना?"

"बिस्किटवालीले. ज्याले सांगतलं त्याले सांग. अकोल्यात उपास कोनाले समजावून सांगायचं काम नाई. सत्काराचं तुमचं तुमी पाहा."

तिकडे अजून पहाटही झाली नव्हती, त्यामुळे दुपारपर्यंत थांबणं आलं. मधल्या वेळात मी सरांना फोन करून खरं सांगितलं. मग सरांचा बारीक आवाज आला, "म्हणजे साबुदाण्याची उसळ?"

"हो."

"भगरबी?"

"भगर, आमटी, सगळं."

"साहेब," सर म्हणाले, "मंग तर माह्या बायकोचाबी सत्कार करा लागते." पण माणूस भला. फ्लेक्स त्यांनी थांबवला. रविवारी मागे साधा पडदा होता, मी खरं काय ते तिथेही सांगितलं आणि लोक हसले, तेही प्रेमाने. आई आली नाही. ते हसू मला फार स्वस्तात मिळालं हे मला तिथेच कळत होतं, कारण तोपर्यंत शुक्रवारचा तो फोन होऊन गेला होता.

त्या फोनसाठी आईनं सत्काराची साडी नेसली. खुर्चीत ताठ बसली. ताईने मोबाइल डाळीच्या एका डब्याला टेकवून उभा केला, मग काय केलं ते लक्षात येऊन डबा काढून घेतला आणि पुस्तकं लावली. मी आईशेजारी स्टुलावर.

"मी बोलीन तितकंच तिले सांग," आई म्हणाली. "अन् ती बोलन तितकंच मले. कमी नाई, जास्त नाई."

पडद्यावर बाई आल्या. खूप थकल्या होत्या, खांद्यावर शाल होती, पण आईला बघून चेहरा फुलला. "किती छान दिसतेय तुमची तब्येत!" त्या म्हणाल्या. "अखेर!"

"काय म्हनते?"

"तब्येत छान दिसते म्हणतात. अखेर."

"अखेर," आई म्हणाली. "सांग तिले. माह्या पोरानं तुमाले अर्धंच सांगतलं. मी उपास करत होती. देवाचा. घरी सगळं होतं."

मी सांगितलं. बाईंना कळेना. घरात सगळं असताना माणूस न जेवता का बसेल? मी समजावलं, आई मध्येच भर घालत होती, मी तीही सांगत होतो. मग बाईंनी विचारलं, त्या दिवशी मग तुम्ही काय खायचात? आईनं यादी सुरू केली. भगरीपाशी मी अडलो आणि 'ग्रेन' म्हणून मोकळा झालो. तेवढा शब्द आईला कळतो.

"धान्य नोको म्हनू! धान्य असतं तर उपासाले चाललं असतं का?"

मी दुरुस्ती केली. ताई दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होती. बाई हसल्या नाहीत. त्यांना आता सगळं कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला, दोरीवर लोंबू दिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाकीच्या दोघांना तू नको होतास," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी मी भांडले. मी म्हटलं, या माणसाला आतून ठाऊक आहे."

"काय म्हनते?"

मी आईला सांगितलं.

"अजून काय म्हनते?"

"त्या म्हणतात, काम मी चांगलं केलं. पण आज पुन्हा ती मुलाखत झाली तर त्या माझ्यासाठी भांडतील का, ते त्यांना सांगता येत नाही."

आईनं मान हलवली. तिला ते रास्त वाटलं असावं. माझ्या बाजूने ती एक शब्दही बोलली नाही. जरा पुढे सरकली आणि फोनकडे बघत म्हणाली, "बाई, तुमी रागावल्या असान. मीबी रागावली हाय. पण एक गोष्ट ऐकून घ्या. वकील साहेबानं मले एक दिवस उपाशी ठेवलं नाई. कोर्टातून आले की पयले विचारत, जेवली का. मंग कोट काढत. आलेल्या मानसाले त्यायनं जेवल्याबिगर जाऊ देल्लं नाई. हे तुमाले माहीत पायजे."

मी सांगितलं. कोर्ट, कोट, सगळं.

इतकी वर्षं तिकडे आईच्या त्या गोष्टीवर कितीतरी लोक माझ्याशी बोलले होते, आणि पुढचा प्रश्न त्यातल्या एकानेही विचारला नव्हता. बाईंनी विचारला. "त्यांचं नाव काय होतं?"

"काय म्हनते?"

"बाबांचं नाव विचारतात."

मी सांगायला तोंड उघडलं, तर आईचा हात माझ्या गुडघ्यावर आला. तिने त्यांचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. 'वकील साहेब' किंवा 'तुह्ये बाबा'. लहानपणी दवाखान्यात, बँकेत, कोणी नवऱ्याचं नाव विचारलं की ती आम्हा पोरांपैकी एकाला पुढे ढकलायची. लग्नात कोणी आग्रह केला तर उखाण्यात घेई म्हणतात, पण ते बायकांच्या घोळक्यात, माझ्या कानावर आलेलं नाही.

तिने पदर सारखा केला, फोनच्या जवळ वाकली आणि नाव सांगितलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं आणि आडनावासकट.

बाईंनी ते म्हणून बघितलं. मधेच अडखळल्या, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकल्या. मी मदत करायला सरसावलो तर आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने ते नाव परत सांगितलं, हळू, एकेक अक्षर सुटं करून. आणि बाईंना ते नीट म्हणता येईपर्यंत सांगत राहिली.